घरून केलेल्या कामालाही ड्यूटी म्हणावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरगुती व्यवसाय करणाऱ्या महिलांचे कौतुक करताना ‘घर सांभाळून’ हे शब्द हटकून वापरले जातात. गेली सहा वर्षे भुसावळमध्ये घरून केक आणि नानकटाई करून विकत असल्यामुळे मला त्याविषयी थोडे लिहावेसे वाटते.

भुसावळ हे रेल्वेचे गाव आणि माझे यजमानही रेल्वेतच आहेत. येथील घरांत नाइट करून आलेला माणूस सकाळी झोपला की दारावरची बेल बंद केली जाते, कुकरसुद्धा उशिरा लावला जातो आणि पाहुण्यांना ‘ते नाइट करून आलेत’ एवढे सांगितले की कोणालाही वाईट वाटत नाही. ड्यूटीचा असा मान राखणाऱ्या याच घरांत ओव्हनपुढे उभ्या असलेल्या बाईला मात्र ‘तू तर घरीच आहेस’ म्हणून सिलिंडर घेण्यापासून नातेवाइकांना स्टेशनवरून आणण्यापर्यंत कोणतेही काम सांगितले जाते. स्पंज 180 अंशांवर भाजत असताना मध्येच ओव्हन उघडला तर तो खचतो आणि पुरता निवल्याखेरीज त्यावर क्रीम लावता येत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो, तेव्हा तर हे निवणेही लांबते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या वाढदिवसालाच सायंकाळी पाच वाजता ‘आठपर्यंत केक हवा’ असा ओळखीतून फोन आला आणि मला नाही म्हणवले नाही. घाईत लावलेले क्रीम ओघळले, ते सगळे खरवडून पुन्हा लावावे लागले. तो केक पोहोचवून मी घरी आले, तेव्हा मुलगी नवा फ्रॉक घालूनच सोफ्यावर झोपली होती. तिचा केक दुसऱ्या दिवशी सकाळी कापला.

त्यानंतर यजमानांच्या ड्यूटीच्या वेळा जिथे लिहिलेल्या असतात, तिथेच मी माझ्याही वेळा लिहिल्या: सकाळी दहा ते चार काम, मंगळवारी सुट्टी. पहिले काही महिने सासूबाईंना ते रुचले नाही. आता त्या वेळात दुपारचा चहा त्या स्वतः करतात आणि फोन आला तर ‘ती कामात आहे’ असे सांगतात. यजमानांची सकाळपाळी असते तेव्हा मुलीचा अभ्यास ते घेतात. माझ्या घरात एवढ्याने पुष्कळ फरक पडला.

घरून खाद्यपदार्थ विकण्यासाठीसुद्धा अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 नुसार नोंदणी लागते आणि ती मी केलेली आहे. सरकारदरबारी जो रीतसर व्यवसाय आहे, त्याला घरच्यांनी आणि ग्राहकांनी फावल्या वेळची हौस समजावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. दिवाळीआधी मैदा, साखर, तूप घेऊन बिस्किटांसाठी बेकरीच्या भट्टीवर नंबर लावायचा आणि रात्री उशिरापर्यंत आपल्या पाळीची वाट पाहायची, हे आपल्याकडील बायकांना नवीन नाही. तिथे कोणीही ‘माझे आधी करून द्या’ असा हट्ट धरत नाही.

तेव्हा ग्राहकांना माझी विनंती आहे की, घरगुती केकची ऑर्डर निदान दोन दिवस आधी द्यावी, ठरलेल्या वेळेनंतर फोन करू नये आणि ओळख असली तरी निम्मी रक्कम आगाऊ द्यावी.

आपली,
एक वाचक, भुसावळ (जि. जळगाव)