सायली, प्रश्न सोडायला शिक

भांडुप,
रविवार, रात्री

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

एकाच घरात राहून पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण तू सकाळी साडेसातला घर सोडतेस आणि रात्री साडेनऊला दारात उभी राहतेस, तेव्हा तुझ्याकडे बघून मला अभ्यासाचा विषय काढवत नाही. फोनवर बोलावं तर तू गाडीत, दोन्ही हातांनी कडी धरून उभी. जे सांगायचं आहे ते तुकड्यातुकड्यांनी सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

गणपतीत आलेल्या प्रत्येकानं तुला विचारलं, एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा, कॅटचा अभ्यास कुठवर आला? मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, ८८ पर्सेंटाइल आले म्हणालीस, तर मामी म्हणाल्या, "अगं मग छानच की, डिस्टिंक्शन!" तुझा चेहरा उतरलेला मी पाहिला. मामींचं काही चुकलं नाही, त्यांच्या हिशेबात ८८ म्हणजे ८८ टक्के. तू मात्र त्या रात्री न जेवता झोपलीस. त्या आकड्याशी तुझं भांडण आहे, म्हणून आधी तो आकडाच नीट बघू.

८८ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले बारा जण तुझ्या पुढे. २०२४ च्या नोव्हेंबरात कॅटला सुमारे २ लाख ९३ हजार मुलं बसली. त्या हिशेबानं पस्तीस हजार जण तुझ्या पुढे, आणि ९९ वाल्याच्याही पुढे जवळजवळ तीन हजार. एवढंच बघितलं तर कोणाचेही हातपाय गळतील. पण याच परीक्षेची दुसरी बाजू तू बघतच नाहीस. पेपर ६८ प्रश्नांचा, २०४ गुणांचा. त्यातले निम्मे गुण ज्याला मिळतात तो ९९ च्या वर जातो. निम्मे! आमच्या बोर्डात निम्मे गुण घेऊन आलेल्या मुलाच्या पालकांना मी शाळेत बोलावून घेते. इथे तेवढ्यावर देशातल्या उत्तम संस्थांचे दरवाजे उघडतात. म्हणजे उरलेले निम्मे प्रश्न सोडले तरी चालतात. खरं तर सोडावेच लागतात. कुठले सोडायचे हे ज्याला कळतं, त्याची ही परीक्षा.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तू लॅपटॉपवर तो मॉक उघडून मला दाखवलास आणि ऑफिसला गेलीस. रफचे कागद टेबलावरच होते. मी दोन्ही शेजारी ठेवून बसले. डीआयएलआरचा, म्हणजे आकडे आणि तर्काच्या भागाचा, पहिलाच सेट: सहा मैत्रिणी, सहा मजले, सहा रंगांच्या साड्या, कोण कुठे राहते आणि कोण काय नेसली. तुझ्या कागदावर तोच तक्ता चार वेळा काढलेला आहे. पहिला पट्टीनं आखल्यासारखा सरळ, दुसऱ्यात खाडाखोड, तिसऱ्यात निळी साडी आधी चौथ्या मजल्यावर आणि मग गोल करून पाचव्यावर, आणि चौथ्या तक्त्यात पेन इतकं दाबलंय की मागच्या पानावर रेघा उमटल्यात. या एका सेटवर चाळीसपैकी सतरा मिनिटं गेली असं तुझंच विश्लेषण सांगतं. हाती लागलं एक बरोबर उत्तर, तीन चुकीची.

मी तो सेट सोडवला. मला पाऊण तास लागला. इतकी वर्षं गणित शिकवणारी मी, घरात शांतता, शेजारी चहा, घड्याळाचा धाक नाही, तरी पाऊण तास. एका अटीतून दोन शक्यता निघतात, त्या दोन्ही शेवटपर्यंत ओढत न्याव्या लागतात आणि अगदी टोकाला गेल्यावर एक मोडते. पेपर काढणाऱ्यानं तो सेट वेळ खायलाच घातला होता. त्याच्या पुढच्याच स्क्रीनवर चार कारखान्यांच्या उत्पादनाचा साधा स्तंभालेख होता. पाच प्रश्न, टक्केवारी आणि गुणोत्तर, बस. तो मी दहा मिनिटांच्या आत संपवला. तू तो उघडूनही पाहिला नव्हतास.

मला काय म्हणायचंय ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. तुला येत नाही असं काही नाही. तुला प्रश्न सोडून देववत नाही. दहावीपर्यंत आमच्याच शाळेत होतीस, आणि आम्ही सगळे तुम्हाला एकच सांगायचो: एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही, पायऱ्या लिहा, पायऱ्यांचे गुण मिळतात. बोर्डासाठी ते बरोबरच होतं आणि आजही मी तेच सांगते. कॅटच्या पडद्याला तुझ्या पायऱ्या दिसत नाहीत. त्याला फक्त शेवटचं उत्तर दिसतं. बरोबर असेल तर तीन गुण, पर्यायांच्या प्रश्नात चुकलं तर एक वजा.

तो वजा एक तू फार मनाला लावून घेतेस, म्हणून त्याचाही हिशेब करून देते. चार पर्यायांत डोळे मिटून एकावर बोट ठेवलं तर चारदा करून एकदा तीन मिळतात आणि तीनदा एक जातो. सरासरी शून्य. ना नफा ना तोटा, म्हणून अंदाजपंचे मारण्यात अर्थ नाही. पण दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत असं विचार करून ठरवलं असेल तर उरलेल्या दोहोंत निवडणं फायद्याचं, दर प्रश्नी सरासरी एक गुण पदरात. आणि जिथे उत्तर स्वतः टाइप करायचं असतं तिथे वजा गुण नसतातच, तिथे हात आखडता घेऊ नकोस. खरं नुकसान त्या एका गुणानं होत नाही. त्या सतरा मिनिटांनी होतं.

म्हणून डीआयएलआर सुरू झालं की पहिली पाच मिनिटं पेन खाली. सगळे सेट फक्त वाचायचे. कुठल्यात माहिती सगळी दिलेली आहे आणि नुसता हिशेब करायचाय, कुठल्यात 'जर-तर' फार आहे, हे बघायचं. मग दोन किंवा तीन सेट निवडायचे आणि ते पूर्ण करायचे. सात-आठ मिनिटांनंतर तक्त्यात एकही घर पक्कं भरलं नसेल तर तो सेट सोडून उठायचं. दुसऱ्यांदा तक्ता काढायला घेतलास की तीच उठायची खूण समज. या भागात तीन सेट नीट सुटले तर खूप झालं.

तुझ्या क्वांटची, म्हणजे गणिताच्या भागाची, मला काळजी नाही, फक्त एक सवय मोड. एक माणूस ताशी ४० किलोमीटरनं गेला, ६० नं परत आला, सरासरी वेग किती? तू अंतर क्ष धरून अर्धं पान समीकरण मांडलंयस. उत्तर बरोबर आलंय, पण अंतर १२० धरलं असतंस तर जायला तीन तास, यायला दोन, एकूण २४० किलोमीटर पाच तासांत, ४८. तोंडी. आठवीत हे तू तोंडी करायचीस. क्लासच्या जाडजूड पुस्तकांनी ते विसरायला लावलंय. अंकगणित आणि सोपं बीजगणित आधी पक्कं कर. ज्या धड्याला पाहून पोटात गोळा येतो, तो शेवटी बघू.

इंग्रजीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे तू स्वतःलाच कमी लेखतेस. उताऱ्यांवरच्या प्रश्नांबद्दलचं "मराठी मीडियमवाल्यांना आरसी जमत नाही" हे वाक्य तू कुठून उचललंस माहीत नाही, पण ते टाकून दे. मी तुझी चुकलेली उत्तरं वाचली. एकाही ठिकाणी शब्दाचा अर्थ अडला म्हणून उत्तर चुकलेलं नाही. शहरांवरच्या त्या उताऱ्यात लेखक म्हणतो की जुन्या वस्त्या पाडून उंच इमारती बांधल्यानं शेजार तुटतो, हे काही शहरांत दिसलंय. तू निवडलेला पर्याय होता की पुनर्विकासानं नेहमीच माणसांचं नुकसान होतं. आपली चाळ गेली तेव्हाचं तुझं मन तिथे बोललं. वाक्य तुला खरं वाटलं, पण लेखकानं ते म्हटलेलं नाही. उताऱ्यात आहे तेवढंच धरायचं, स्वतःचं मत बाहेर ठेवायचं. ही सवय मराठी अग्रलेख वाचूनही लागते. रोज एक लेख घे, इंग्रजी असो की मराठी, आणि वाचून झाल्यावर लेखकाला काय म्हणायचंय ते दोन वाक्यांत मला सांग. व्हॉइस मेसेज पाठवलास तरी चालेल. मी ऐकेन आणि मला न पटलेलं कळवेनही.

नोकरी सोडण्याचा विषय तू बाबांकडे काढलास, माझ्याकडे नाही. माझं मत स्पष्ट आहे: सोडू नकोस. पुढे संस्था निवड करताना कामाचा अनुभव बघतात आणि मुलाखतीत तुझ्याकडे सांगायला खरं काहीतरी असेल. शिवाय दिवसभर घरात बसलीस तर प्रत्येक मॉक आयुष्याचा निकाल वाटायला लागेल. सकाळी पाच ते सात हे दोन तास तुझे. त्या वेळात घरात कोणी आवाज करणार नाही, बाबांचा रेडिओसुद्धा नाही. नोव्हेंबरात आठ दिवस रजा घे, त्यासाठी साहेबांना आत्ताच सांगून ठेव. आठवड्याला एकच मॉक दे आणि तो तपासायला, देण्याला लागला त्याच्या दुप्पट वेळ दे. आधीच्या वर्षांचे कॅटचे खरे पेपर शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेव.

आणि सगळे पत्ते एका परीक्षेवर लावू नकोस. अहमदाबादचं आयआयएम दहावी-बारावीचे आणि पदवीचे गुणही मोजतं, तिथे आता आपल्या हातात काही नाही, तर त्याचा विचारही नको. पण पवईला, तू रोज ज्या रस्त्यानं अंधेरीला जातेस त्याच्याजवळ, विहार तलावाच्या काठावर १९६३ पासूनची नीटी नावाची संस्था होती, ती २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. चर्चगेटची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था तर १९६५ पासून आपल्या मुंबई विद्यापीठाची. तिथे राज्याच्या सीईटीवर प्रवेश मिळतो आणि ती परीक्षा कॅटच्या अगदी उलट आहे. २०० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीला वजा गुण नाहीत. एका प्रश्नाला ४५ सेकंद. तिथे माझं बोर्डाचं जुनं वाक्य लागू: एकही प्रश्न कोरा नाही. म्हणून कॅट झाल्यावर सीईटीसाठी वेगानं सोडवण्याचा सराव वेगळा करावा लागेल. कॅटला लावलेली शिस्त तशीच घेऊन गेलीस तर पन्नास प्रश्न हात न लावता राहतील.

पैशाचं एकदाच लिहिते, मग तो विषय बंद. आयआयएमची दोन वर्षांची फी आता बहुतेक ठिकाणी वीस लाखांच्या आसपास किंवा वर आहे, हे आम्हाला माहीत आहे. चांगल्या संस्थेत प्रवेश मिळाला की बँका शैक्षणिक कर्ज देतात. बाबा आणि मी त्याची बोलणी करून ठेवली आहेत. ते आकडे डोक्यात घेऊन पेपरला बसायचं नाही. नाही झालं या वर्षी, तर तुझ्या हातात नोकरी आहे आणि पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा आहे. मला तुझी काळजी वाटते ती निकालाची नाही. तू जेवत नाहीस, झोपत नाहीस, मैत्रिणींचे फोन घेत नाहीस, याची वाटते. आज सकाळी तुझा डबा उघडला तर कालच्या पोळ्या तशाच होत्या. हे मला सहन होत नाही आणि यात मी तुझं ऐकणार नाही.

आता कामाचं. अर्जाची मुदत याच महिन्यात आहे, या आठवड्यातच भरून टाक. शेवटच्या दिवशी साइट अडकते. शहरांच्या पसंतीत पहिलं मुंबई, मग नवी मुंबई आणि ठाणे आहे का बघ. सकाळ, दुपार की संध्याकाळ, हे आपल्याला निवडता येत नाही, तेव्हा पुढचे मॉक तिन्ही वेळांना देऊन बघ, दुपारी साडेबारालासुद्धा, जेव्हा तुला हमखास पेंग येते. कॅट रविवारी असते आणि रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतोच. सेंटर कळलं की आदल्या रविवारी आपण दोघी तिथपर्यंत जाऊन येऊ, कुठून रिक्षा मिळते तेही बघू. बाबा म्हणतात ते त्या दिवशी गाडी सांगून ठेवतील. अधिवास प्रमाणपत्र माझ्या कपाटात निळ्या फाइलमध्ये आहे, सीईटीच्या वेळी लागेल, त्याची आत्ताच एक प्रत स्कॅन करून ठेव.

उद्या डब्यात मेथीचे ठेपले दिलेत, गाडीत बसायला मिळालं तर खाता येतील असे. संध्याकाळी आलीस की तो कारखान्यांचा सेट माझ्यासमोर घड्याळ लावून सोडव.

तुझी,
आई