चकीचा बाहुला खरा आहे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भयपटांवरून निघालेल्या मालिकांबद्दलचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. ‘चकी’ या खुनी बाहुल्याच्या मालिकेचा निकाल लेखकाने एका वाक्यात लावून टाकलाय : मालिकेतला बाहुला संगणकावर बनवलेला, म्हणून भीती वाटत नाही. भीती वाटणं न वाटणं ज्याचं त्याच्यापाशी. पण तो बाहुला संगणकावरचा नाही, आणि एवढी गोष्ट छापण्याआधी कुणीतरी तपासायला हवी होती.

चकीचे जनक, लेखक डॉन मॅन्चिनी १९८८च्या पहिल्या चित्रपटाच्या (‘चाइल्ड्स प्ले’) लेखनापासून या बाहुल्याबरोबर आहेत. २०२१मध्ये मालिका आली तेव्हाही बाहुला हाताने चालणाराच ठेवला. तो स्पेशल इफेक्ट्सवाले टोनी गार्डनर यांच्या टीमने घडवला. टीव्हीच्या धावपळीत हे ठरवायला छाती लागते. नटाला ‘पुन्हा एकदा’ म्हटलं की तो पुन्हा करतो. बाहुल्याची एक भुवई अडकली तर सगळं युनिट थांबतं. संगणक वापरला तो चालवणारी माणसं आणि त्यांच्या दांड्या चित्रातून पुसायला. आवाजही अभिनेते ब्रॅड डूरिफ यांचाच, १९८८पासूनचा. २०१९च्या नव्या चित्रपटात तो नव्हता, तेव्हा प्रेक्षकांना चुकल्यासारखं वाटलंच की!

मला हे इतकं का लागलं, ते सांगते. मुलांच्या एका टीव्ही कार्यक्रमात मी तीन वर्षं बाहुला चालवला. आम्ही तिघं होतो. एकाकडे तोंड, एकीकडे हात आणि माझ्याकडे डोळे. बाहुल्याच्या पाठीतून सायकलच्या ब्रेकसारखी केबल यायची, तिच्या टोकाला खटका. अर्धा दाबला की तो संशयाने बघायचा, पूर्ण दाबला की झोपायचा. टेबलाखाली उताणं पडून छोट्या मॉनिटरवर बघत हे करायचं. एका भागात त्याला रडायचं होतं. डोळ्यांत पाणी आणायची सोय नव्हती. मी खटका जेमतेम दाबून धरला, चौथ्या टेकपर्यंत बोटं थरथरायला लागली आणि ती थरथर त्याच्या पापणीत उतरली. दिग्दर्शकांनी तोच टेक ठेवला. पुढच्या आठवड्यात एका वर्तमानपत्रात त्या प्रसंगाचं कौतुक आलं : ‘संगणकाची किमया’. आईने ते कात्रण आणून माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, “यात तुझं नाव कुठंय?”

कार्यक्रमातही ते कुणाला दिसलं नसेल. शेवटची नामावली सुरू झाली की वाहिनी ती एका कोपऱ्यात दाबायची आणि उरलेल्या पडद्यावर पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात लावायची. आता तर ओटीटीवर नावं यायच्या आत पुढचा भाग सुरू होतो. ज्यांनी रात्ररात्र जागून काम केलं, त्यांना तेवढे वीस सेकंदही मिळू नयेत? यावर तुमच्या पुरवणीने एकदा लिहावं, ही मनापासून विनंती.

‘स्क्रीम’ या भयपटांतल्या खुन्याच्या मुखवट्याबद्दल मात्र लेखकाशी मी पूर्ण सहमत आहे. २०१५च्या मालिकेत तो बदलला तिथेच निम्मी भीती गेली, आणि २०१९च्या तिसऱ्या पर्वात जुना मुखवटा परत आणावा लागला. लोकांना काय आठवतं हे यावरून कळतं. मग ‘चकी’ने तीन पर्वं, २०२४पर्यंत, तोच बाहुला आणि तोच आवाज सांभाळला, त्याची दखल याच लेखात नको होती का?

कृपया दुरुस्ती छापावी. ‘संगणकावर बनवलेला’ हे शब्द मागे घ्यावेत, टोनी गार्डनर यांचं नाव द्यावं, आणि बाहुला चालवणाऱ्यांचा निदान उल्लेख करावा.

आपली,
एक नियमित वाचक