मंत्री महोदय, दुकानाच्या पावतीवर सुई टोचता येते का?

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी लातुरात एकोणीस वर्षं ब्युटी पार्लर चालवते. थ्रेडिंग, फेशियल, वॅक्सिंग आणि लग्नसराईत नवरीचा मेकअप. बायकांच्या भुवयांवरच माझं घर चालतं, त्यामुळे हे पत्र नटण्यामुरडण्याच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांच्या कडेच्या रेघा नको वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात डोळे किलकिले करूनच चालावं लागतं. खेड्यावरच्या शाळेत रोज स्कूटीवरून जाणाऱ्या बाईंना पस्तिशीतच त्या रेघा दिसायला लागतात. ‘सुरकुत्या म्हणजे अनुभवाची शोभा’ असं मला आजवर फक्त पुरुषांनीच ऐकवलंय.

मला विचारायचंय ते एवढंच, की ती रेघ घालवायला बोटॉक्सची सुई टोचतंय कोण आणि त्या बाटलीत आहे काय?

गेल्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या नणंदबाईंच्या, म्हणजे आक्कांच्या मुलीचं लग्न होतं. लग्नाच्या आठ दिवस आधी त्या एका पार्लरच्या ‘बोटॉक्स कॅम्प’ला जाऊन आल्या. मला न सांगता, कारण मी नको म्हणेन हे त्यांना ठाऊक होतं. भुवयांच्या मधे आणि डोळ्यांच्या कडेला, दोन्हीचे मिळून साडेतीन हजार. पाचव्या दिवशी सकाळी डावी पापणी अर्ध्यावर येऊन थांबली. वर जाईचना. घरात रडारड सुरू झाली, लकवा मारला म्हणून. कुणी झाडपाल्याच्या माणसाचं नाव काढलं, कुणी नजर लागली म्हणालं. तेव्हा कुठं आक्कांनी मला बाजूला घेऊन खरं सांगितलं.

सरकारी दवाखान्यातल्या त्वचारोगाच्या मॅडमनी पाहताक्षणी ओळखलं. त्यांनी तीन प्रश्न विचारले : औषध कोणत्या कंपनीचं, किती युनिट दिलं, बाटलीचा बॅच नंबर काय. आक्कांना तिन्हींचं उत्तर माहीत नव्हतं. बिल नव्हतं, चिठ्ठी नव्हती. कॅम्पवाल्या बाईंना फोन लावला तर त्या म्हणाल्या, ‘‘सगळ्यांना होतं थोडं, उतरंल.’’

लग्नात मी मायक्रोपोर पट्टीचा नखाएवढा तुकडा कापून आक्कांची पापणी वर धरली आणि त्यावर आयशॅडो फिरवला. कन्यादानाला बसल्यावर होमाच्या धुरानं डोळ्यांना पाणी आलं आणि पट्टी सुटली. अल्बममध्ये मुलीच्या आईचा एकच डोळा उघडा आहे. पापणी पूर्ण वर यायला सात आठवडे लागले.

मॅडमनी मला जे समजावलं ते आमच्या धंद्यातल्या दहांतल्या नऊ जणींना माहीत नसेल, म्हणून लिहिते. हे क्रीम नव्हे, बोटुलिनम टॉक्सिन आहे, म्हणजे एका जंतूचं विष अतिशय बारीक मात्रेत. मज्जातंतूकडून स्नायूला आकसण्याचा जो निरोप जातो, तो ते अडवतं. स्नायू सैल पडतो, वरच्या कातडीची घडी मोडते. तीन-चार महिन्यांत असर ओसरतो. मुळात हे आलं डोळ्यांच्या आजारांसाठी. तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याचा विकार यांवर अमेरिकेत 1989 मध्ये त्याला मान्यता मिळाली. कॅनडातल्या एका नेत्रतज्ज्ञ बाईंच्या लक्षात आलं की अशा पेशंटच्या कपाळावरच्या आठ्याही जाताहेत. त्यांचे पती त्वचारोगतज्ज्ञ, दोघांनी मिळून ते तपासलं. भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली ती 2002 साली. त्या जागी साधारण पाच टोचण्यांत मिळून वीस युनिट देतात. जागा जरा चुकली किंवा औषध पसरलं तर ते पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचतं. आक्कांचं तेच झालं. नशीब एवढ्यावरच भागलं. हेच औषध अंगात दूर पसरलं तर गिळायला आणि श्वास घ्यायलाही त्रास होऊ शकतो.

आता बाटलीचं सांगते, कारण माझ्याही दुकानात एक जण बॅग घेऊन आला होता. दोन दिवसांचा कोर्स, सर्टिफिकेट आणि सोबत पहिली बाटली फुकट. मार्चचा शेवट, बाहेर चाळीस डिग्री, आणि बाटली त्यानं बॅगेच्या बाजूच्या कप्प्यातून काढली, जिथं आपण पाण्याची बाटली ठेवतो. तिच्यावरच 2 ते 8 अंशांत ठेवा असं छापलेलं होतं. मी बोट ठेवून दाखवलं तर म्हणाला, ‘‘ताई, ते लिहावं लागतं.’’ तळाशी पांढरट थर, दिसेल न दिसेल असा. त्यात सलाइनचं पाणी घालून मग टोचायचं. ‘‘पाणी जरा जास्त घातलं की एका बाटलीत दुप्पट बायका होतात,’’ हा धंद्याचा हिशोबही त्यानंच सांगितला. साडेतीन हजारांत कॅम्प कसा परवडतो ते मला तेव्हा कळलं. उरलेलं पुढच्या रविवारी वापरायचं. पाणी घातल्यावर चोवीस तासांत वापरा असं कंपनीचं पत्रक सांगतं, हे मला मॅडमकडून नंतर समजलं.

साहेब, मी तक्रार घेऊन तीन कचेऱ्या फिरले. पहिल्या टेबलावर म्हणाले, हे तर दुकान, आम्ही दवाखाने बघतो. दुसरीकडे म्हणाले, बाटली आणा, मग बघू. तिसऱ्या ठिकाणी विचारलं, ‘‘पेशंट बरी झाली ना?’’

कायदा नाही असं नाही. नोंदणी नसलेल्यानं डॉक्टरकी करू नये हे 1961 च्या आपल्या राज्याच्या कायद्यात कलम 33 मध्ये आहेच. केसरोपण आणि सौंदर्योपचार यूट्यूब बघून शिकणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये लिहून दिलं. पण दारात येऊन बघणार कोण? शुश्रूषागृह नोंदणीचा 1949 चा कायदा खाटा असलेल्या दवाखान्यांसाठी. केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट, म्हणजे सगळ्या दवाखान्यांच्या नोंदणीचा, कायदा आपल्या राज्यानं घेतलेला नाही. आणि माझ्यासारख्या, दोन पोरी कामाला असलेल्या दुकानाला तर दुकानांसाठीच्या 2017 च्या कायद्यानं नोंदणीही लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती निघते. तीच पावती फ्रेम करून मी भिंतीला लावलीय आणि तशीच त्या कॅम्पवालीनंही. गिऱ्हाइकाला फरक कळावा कसा?

बाकीचं खातं कुणाचंही असो, बाटली तुमच्या खात्याची आहे. तिथूनच सुरुवात करा. हे औषध कुठल्या घाऊक विक्रेत्याकडून कुठल्या डॉक्टरच्या नोंदणी क्रमांकावर गेलं, ते मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत एकदा तपासा. ज्या बाटलीमागं डॉक्टर सापडणार नाही, ती कुठं रिकामी झाली ते आपोआप कळेल. टोचून घेणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात औषधाचं नाव, युनिट, बॅच नंबर आणि टोचणाऱ्याची सही असलेला कागद पडलाच पाहिजे. साडीच्या दुकानात पक्कं बिल मिळतं, इथं का नाही? आणि हे लग्नसराईच्या आधी करा, दिवाळी संपता संपता. मे महिन्यात धाड घालून काय उपयोग? तोवर कॅम्प उठलेले असतात.

मी दुकानात पाटी लावलीय, ‘इथे इंजेक्शन दिले जात नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.’ पाटी लावल्यापासून तीन जुन्या गिऱ्हाइकणी तुटल्या. त्यातली एक परवा थ्रेडिंगला परत आली, डावी भुवई उजवीपेक्षा चांगली बोटभर वर गेलेली. मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, ‘‘ताई, दोन्ही सारख्या दिसतील असं कोरून द्या.’’

उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक पार्लरवाली, लातूर