मशीनमधलं सॉफ्टवेअर कुणाचं, ते लिहून घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी बेळगाव-खानापूर भागातल्या नर्सिंग होमची मशीनं दुरुस्त करतो, पेशंट मॉनिटर, इन्फ्युजन पंप वगैरे. मशीन घेताना रेट, वॉरंटी, एएमसी म्हणजे वर्षाचा देखभाल करार, सगळं घासाघीस करून ठरवतात पण आतलं सॉफ्टवेअर कुणाचं आणि किती जुनं हे कोणी विचारतच नाही. ते एका कंपनीचं नसतंच की हो! नेटवर्कचा कोड एकाचा, लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, नेटवरनं फुकट घेतलेली दुसऱ्याची. डिसेंबर 2021 ला लॉग फोर जे नावाच्या अशाच एका फुकटच्या लायब्ररीत सुरक्षेचं भगदाड सापडलं तेव्हा ज्यांच्याकडं सॉफ्टवेअरच्या भागांची यादी नव्हती त्यांना आपल्या कुठल्या सिस्टिममध्ये ते आहे हेच शोधत बसावं लागलं.

जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं न् वैद्यकीय मशीनं तपासणाऱ्या सरकारी संस्थेनं, कॉन्टेक कंपनीच्या सीएमएस 8000 पेशंट मॉनिटरबद्दल इशारा दिला. फर्मवेअरमध्येच, म्हणजे मशीनच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, बाहेरच्या एका कॉम्प्युटरचा आयपी पत्ता घातलेला, नेटला जोडलं की पेशंटची माहिती तिकडं जाणार. तेच मशीन एप्सिमेड नावानंही विकलं जायचं, मग लेबल बघून डॉक्टरांना काय कळणार?

इथं एका आयसीयूत सेंट्रल मॉनिटर अजून विंडोज 7 वर आहे, ज्याचे अपडेट जानेवारी 2020 लाच बंद झाले, आणि त्याच नेटवर्कवर रिसेप्शनचं बिलिंग न् नातेवाईकांचं वायफाय. सर्व्हिसवाला येतो, खिशातला पेनड्राइव्ह काढून सरळ लावतो, सकाळी तोच दुसऱ्या गावात लावलेला असतो. स्कॅन तरी कर म्हटलं तर म्हणतो, "कंपनीचाच आहे ओ". पण कंपनीचा म्हणून व्हायरस थांबतो काय?

अमेरिकेत 2023 पासून नेटला जोडायच्या नव्या मशीनला परवानगी मागताना सॉफ्टवेअरच्या भागांची यादी, म्हणजे एसबीओएम, द्यावीच लागते. आपल्या सर्ट-इननंही, म्हणजे सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेनं, 2024 ला त्यावर सूचना काढल्यात, पण आमच्याकडच्या खरेदीच्या कागदात मला ती अट कुठं दिसली नाही. सरकारी दवाखान्यांच्या टेंडरमध्ये ती घाला, आणि किती वर्षं अपडेट देणार तेही लिहून घ्या. एकट्या लहान नर्सिंग होमला कंपनी दाद देणार नाही, म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणीच्या डॉक्टरांनी मिळून मागावं. चंदगडकडनं रात्री-अपरात्री इथं येणाऱ्या पेशंटला हे विचारायला कुठं जमणार, ते दवाखान्यानंच विचारायला पाहिजे.

घाबरून चालू मशीनं मात्र बंद करू नका, पेशंटला त्यांची गरज आहे. तोवर आयसीयूची मशीनं वायफायपासून वेगळी करा, ज्यांना नेटची गरजच नाही त्यांची केबल काढा, हे या आठवड्यातही होण्यासारखं आहे.

– एक बायोमेडिकल टेक्निशियन, खानापूर