काळ्या पट्ट्या राहू द्या

ती. आई-बाबांस,
सा. न.

आधीच सांगते, रागावू नका. व्हिडिओ कॅसेटवरून केलेल्या फाइल मी 4:3 च (जुन्या टीव्हीचा आकार, रुंदी चार तर उंची तीन) ठेवल्यात, त्यामुळे टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतील. तो बिघाड नाही. बाबा, तुम्हाला स्क्रीन भरलेला आवडतो, माहितीये. पण 4:3 चित्र आताच्या टीव्हीच्या 16:9 मध्ये ताणलं की रुंदी एक-तृतीयांशाने वाढते. आजीला कशाला फुगवायचं? झूम केलं तर उंचीचा पाव भाग जातो. गच्चीवरच्या फोटोत बाबांचं डोकं आधीच कापलंय, तेवढं पुरे.

आणि आई, मागच्या फाइलमध्ये ‘किती वाळली होतीस गं’ म्हणालीस ना? तू नीट जेवू घालायचीस. आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या, म्हणजे पाल कॅसेटच्या फाइलमध्ये पिक्सेल (चित्राचे ठिपके) चौरस नसतात, किंचित आडवे असतात. 720 बाय 576 चं चित्र खरं तर 768 बाय 576 एवढं दिसायला हवं. ते आडवेपण हरवलं की सगळे उभट दिसतात.

उरलेल्या कॅसेट बाबा करणार, म्हणून हँडब्रेकचं, त्या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरचं, सांगते. फाइल उघडून ‘डायमेन्शन्स’मध्ये डिस्प्ले साईझ, म्हणजे दिसणारा आकार, बघा. 768 बाय 576 असेल तर, पिक्सेल आडवे ठेवायचे की चौरस ते ठरवणारं अ‍ॅनामॉर्फिक ‘नन’ करा. 720 बाय 576 दिसली, तर फाइलमध्ये पिक्सेलच्या आकाराची नोंदच नाही. मग तिथेच ‘कस्टम’ करून पिक्सेल अ‍ॅस्पेक्ट 16:15 द्या. क्रॉपिंग (कडा कापणं) ‘ऑटोमॅटिक’वर ठेवू नका, अंधारातल्या दृश्यात ते चांगली कडाही खातं. खालची थरथरणारी पट्टी हाताने कापा, आकडा सम घ्या. कापल्यावर उंची पुन्हा 576 करू नका, नाहीतर चित्र परत ताणलं जाईल. डिइंटरलेस चालू हवं. हलत्या हातांवरच्या कंगव्यासारख्या रेघा त्यानेच जातात. उंची 1080 (फुल एचडी) पर्यंत वाढवायचा हट्ट नको, नवा तपशील येत नाही, फाइल मात्र फुगते.

आधी एकाच मिनिटाचा तुकडा करा. त्यात समोरून दिसणारी गोल वस्तू शोधा, स्क्रीनवर पट्टी धरून आडवं-उभं मापा. सारखं आलं की झालं. तरी टीव्हीवर जाड दिसलं, तर फाइल नव्हे, रिमोटवरचं पिक्चर साईझ तपासा. ‘ओरिजिनल’ किंवा तसलं काही असेल ते घ्या.

मूळ फाइल मी बघेपर्यंत काढून टाकू नका. आणि बाबा, जागत बसायचं नाही. लावून झोपा, सकाळपर्यंत होतं.

तुमची,
छोटी