एक वर्गमूळ गळालं आणि कवितेत चार वाढले

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही गणितातल्या गमतीदार कवितांना अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आधी थँक्यू, कारण गणित आणि हसू हे दोन शब्द एकाच मथळ्यात बघायची आम्हा क्लासवाल्यांना सवयच नाही. पान कापून सोमवारी आठवीच्या बॅचला दाखवलं आणि तिथेच घोळ झाला.

चौकटीत तुम्ही इंग्रजीत मोठ्याने वाचलं की कविता होणारं एक समीकरण छापलंय, की १२ + १४४ + २० + ३४, या सगळ्याला भागिले ७, अधिक ५ × ११ बरोबर ९² + ०. आता पोरं ती पोरंच, कविता बाजूला ठेवून आधी हिशोब केला. बेरीज आली २१०, सातने भागल्यावर ३०, त्यात ५५ मिळवले की ८५. आणि नवाचा वर्ग तर ८१! एक जण लगेच म्हणाला, मॅडम, पेपरवाल्यांनी चार मार्क ग्रेस दिलेत. बॅच हसून हसून आडवी, आणि मी फळ्यासमोर खडू घेऊन उभी, कारण मलाही दोन मिनिटं कळेना की चूक नक्की कुठाय.

चूक अशी आहे की ते ३४ नाहीच, ते ३√४ आहे. छपाईत मुळाचं चिन्ह गळालं आणि तीन-चार शेजारी शेजारी येऊन बसले. खरं गणित असं, की चारचं वर्गमूळ दोन, त्याच्या तिप्पट सहा, मग १२ + १४४ + २० + ६ म्हणजे १८२, भागिले सात २६, अधिक ५५, झाले ८१. बरोबर नवाचा वर्ग, वर शून्य. वाईट एवढंच वाटलं की २१० लाही सातने नेमका भाग जातो, अपूर्णांक आला असता तर तुमच्या प्रूफ बघणाऱ्याला निदान शंका तरी आली असती. चुकीचं गणित इतकं नीटनेटकं सुटायला नको होतं.

ही कविता ली मर्सर नावाच्या इंग्रज माणसाच्या नावावर सांगतात, तोच तो पनामा कालव्याचं वाक्य रचणारा, जे उलटं वाचलं तरी तेच राहतं. ते त्याने १९४८ साली छापलं होतं. म्हणजे माणसाला अक्षरं आणि आकडे उलटेपालटे करायचा नादच असणार. या समीकरणाची गंमत म्हणजे ते नुसतं बघायचं नसतं, मोठ्याने वाचायचं असतं. बाराला डझन म्हणायचं, १४४ ला ग्रोस, वीसला स्कोअर, मग स्कोअरला फोर जुळतो, सेव्हनला इलेव्हन, आणि शेवटचं ते अधिक शून्य, ज्याचा गणितात काडीचा उपयोग नाही, ते "नॉट अ बिट मोअर" असं वाचलं की यमक पूर्ण होऊन पाच ओळींची लिमरिक उभी राहते. माझ्या मते सगळा विनोद त्या शून्यात आहे. ते फक्त यमकासाठी आलंय आणि तरी समीकरण बिघडवत नाही.

आता माझी खरी तक्रार. त्याच पानावर खाली ज्या चारोळ्या आहेत, मी अधिक तू बरोबर अनंत, आयुष्य बरोबर सुख वजा दुःख, आणि ती सुख भागिले शून्य बरोबर शांती, त्या सगळ्या मी शांतपणे वाचल्या पण त्यांना गणिती कविता का म्हणायचं ते काही समजलं नाही. अधिक-वजाची चिन्हं तिथे लग्नाच्या पत्रिकेवरच्या वेलबुट्टीसारखी आहेत, काढून टाकली तरी मजकुराला काही होत नाही. मर्सरच्या कवितेतलं एक चिन्ह गेलं तर काय झालं ते आपण पाहिलंच की! समीकरण खरं पाहिजे आणि वाचताना तालात पण बसलं पाहिजे, दोन्ही एकदम जमलं तरच हसू येतं, नाहीतर ती साधी चारोळी, त्यात गणिताला कशाला ओढायचं.

आणि शून्याने भागायचंच असेल तर मग आमच्या भास्कराचार्यांना विचारा. आमच्या म्हणजे खरंच आमच्या, कारण चाळीसगावपासून पाटण फार लांब नाही, पाटणादेवीला जाताना दर पावसाळ्यात एखादी बॅच मी बरोबर नेते आणि तिथल्या शिलालेखाची गोष्ट सांगते, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला होता, शके ११२८ चा लेख आहे तो. (आमच्या गावाच्या नावातच चाळीस आहेत हे पोरं दरवेळी नव्याने शोध लागल्यासारखं सांगतात, मी दरवेळी हसते.) तर भास्कराचार्य शून्याने भागलेल्या संख्येला खहर म्हणतात आणि त्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात श्लोक करून सांगतात की त्यात काही मिळवा, काही काढा, फरक पडत नाही, जसा सृष्टी निर्माण झाली काय नि लयाला गेली काय, अच्युताला फरक पडत नाही. आजचं गणित शून्याने भागूच देत नाही ते वेगळं, पण उपमा बघा ना, गणितातला मुद्दा आणि कविता एकमेकांना चिकटून आहेत. तुमच्या चारोळीत शांती कुठून आली ते विचारायची सोय नाही.

त्यांचा गणिताचा ग्रंथ लीलावती, तो तर सगळा श्लोकातच आहे, ११५० चा. भुंग्यांचं गणित बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, पाचवा हिस्सा कदंबावर, तिसरा हिस्सा शिलींध्रावर, दोघांतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, आणि एक बिचारा केतकी आणि मालतीच्या वासात अडकून हवेतच घिरट्या घालतोय, तर भुंगे किती? पंधरा. पोरांना उत्तरापेक्षा तो एकटा भुंगा जास्त आवडतो. पण मला स्वतःला वर्तुळाच्या परिघाचा श्लोक जास्त भारी वाटतो. व्यासाला "भनंदाग्नि"ने गुणा आणि "खबाणसूर्य"ने भागा. भ म्हणजे नक्षत्रं २७, नंद ९, अग्नि ३, उजवीकडून डावीकडे मांडत गेलं की ३९२७. ख म्हणजे आकाश म्हणजे शून्य, बाण ५, सूर्य १२, झाले १२५०. भागाकार करा, ३.१४१६. पायची किंमत चार दशांशापर्यंत, तीही नंद आणि अग्नी आणि मदनाचे बाण घेऊन, आणि परत छंदात. हे सांगितलं की बॅचमधला सगळ्यात पेंगणारा मुलगा पण वही ओढून स्वतःच्या मोबाईल नंबरचा श्लोक करायला लागतो. एकाच्या नंबरात तीन शून्यं होती, त्याने ख ख ख लिहिलं, वर्गाला आठवडाभर खोकला झाला.

उजवीकडून डावीकडे हे वाचून हसू नका, आपण मराठीत रोज तेच करतो. एकवीस, बावीस, आधी एकक मग दशक. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं वाचायला दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय ना. शिकवणारी म्हणून मला त्यामागचं कारण पटलं होतं, लहान पोरं एकवीस ऐकून १२ लिहितात हे मी रोज बघते. पण कान मात्र एकवीसच्याच बाजूने होते. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ, यात तीनला त्रिक आणि चारला चोक का म्हणतात, तर म्हणताना जीभ घसरत जावी म्हणून, असं आपलं माझं मत. आमचे आजोबा सवायकी, दिडकी, औटकी म्हणायचे, औट म्हणजे साडेतीन, आणि ते म्हणताना मान अशी डोलायची की भजन चाललंय असं वाटावं.

म्हणून तर परकी लिमरिक जशीच्या तशी आणून चालत नाही. बारावीच्या मुलांना मी दुसरी एक दाखवली, तिचा कर्ता कोण कुणास ठाऊक. झेडच्या वर्गाचं एकपासून तीनच्या घनमुळापर्यंत इंटिग्रल, गुणिले तीन पाय भागिले नऊचा कोसाईन, बरोबर ईच्या घनमुळाचा लॉग. गणित चोख आहे, दोन तृतीयांश गुणिले अर्धा म्हणजे एक तृतीयांश, आणि पलीकडेही एक तृतीयांशच. पण यमक जुळायला झेडला अमेरिकनांसारखं झी म्हणावं लागतं, तेव्हा डी-झी, थ्री, ई असं बसतं. आपली पोरं झेड म्हणतात आणि कविता तिथेच आपटते. एकजण म्हणाला, मॅडम, झी म्हटलं की मला सिरियलच आठवतात.

मग मर्सरचं मराठी मी स्वतःच करून बघितलं, रात्री भांडी आवरता आवरता. स्कोअरला आपल्याकडे कोडी हा मस्त शब्द आहे, वीस नगांची एक कोडी.

डझन, ग्रोस आणि एक कोडी,
तीनदा चारचं मूळ जोडी,
साताने भाग,
अकरा पंचे माग,
नवाचा वर्ग, नि शून्याची खोडी!

फार ग्रेट नाही, माहितीये, ते "माग" ओढूनताणून आलंय. पण हिशोब बरोबर आहे. आणि दुसऱ्या दिवशी आठवीतल्या एका मुलीने, जी एरवी गणिताच्या तासाला खिडकीतून बाहेर बघत असते, ही आणून दिली, एकही आकडा मी बदललेला नाही:

दीडशे वजा एकोणतीस,
मुळाशी जा, का भितोस?
मिळव चार,
दुप्पट कर यार,
मांड उत्तर, बरोबर तीस!

समीकरणात लिहायचं तर २(√(१५० − २९) + ४) = ३०. १२१ चं मूळ ११, अधिक चार पंधरा, दुप्पट तीस. मी तीनदा तपासलंय.

येत्या रविवारी त्या चौकटीची दुरुस्ती छापणारच असाल तर तिच्या शेजारी ही पण छापा, नाव तिच्या घरच्यांना विचारून कळवेन. फक्त कृपा करून मुळाचं चिन्ह सांभाळा, कारण ते यावेळीही गळालं तर तिसाचे अडीचशे होतील आणि पोरगी मलाच विचारेल.

आपली,
एक क्लासवाली वाचक, चाळीसगाव