तहाचा छापा

प्रिय सुधीर,

तहाच्या छाप्यांबद्दल, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेल्या तहाच्या चित्रांबद्दल विचारलंस. बरोक काळातले (युरोपातलं सतरावं शतक आणि आसपास) असले छापे बहुतेक एकाच वळणाचे: ढगांवर शांतिदेवी, हातात ऑलिव्हची फांदी, खाली पेटलेली शस्त्रं. दोनचार पाहिले की कंटाळा येतो. त्यापेक्षा डच कोरक योनास सॉयडरहूफचा छापा बघ. मूळ चित्र डच चित्रकार टेर बोर्खचं: १५ मे १६४८, जर्मनीतल्या म्युन्स्टरचं नगरभवन, स्पेन आणि डच प्रजासत्ताक यांच्यातल्या तहाची शपथ. रंगवलंय तेही तांब्याच्याच पत्र्यावर, जेमतेम ४५ × ५८ सेंमी, आणि त्यात सत्तरहून जास्त माणसं! स्पॅनिशांचे हात शुभवर्तमानाच्या पोथीवर, डचांची दोन-दोन बोटं वर. प्रत्यक्षात शपथा एकामागून एक झाल्या. टेर बोर्खने दोन्ही बाजूंना एकाच क्षणी बसवलं. आधी कोण, नंतर कोण, ही भानगडच मिटली.

असं चित्र पत्र्यावर जसंच्या तसं उतरवलं, तर छापा आरशासारखा उलटा येतो, डावे हात वर जातात आणि शपथ वाया. म्हणून रेखाटन तेलकागदावर गिरवायचं. रेघांच्या बाजूला लाल खडू चोळून तीच बाजू पत्र्यावर पालथी टाकायची, आणि पलीकडून दिसणाऱ्या रेघांवरून बोथट सुई फिरवायची.

सॉयडरहूफ एचिंग (अ‍ॅसिडने रेघा खाऊ देणं) आणि ब्युरिन (हाताने रेघ कोरायची पोलादी छिन्नी) दोन्ही वापरायचा. सगळं अ‍ॅसिडवर सोडलं तर डचांच्या काळ्या कोटांत फसगत होते: रेघा दाट झाल्या की मधला ग्राउंड, म्हणजे पत्र्याला अ‍ॅसिडपासून वाचवणारा मेणाचा थर, सुटतो, अ‍ॅसिड सरसकट खातं आणि उथळ खड्ड्यात शाई टिकत नाही. काळ्याऐवजी राखाडी डाग. तिथे ब्युरिनच हवा. वळणावर हात स्थिर ठेवून वाळूच्या कातडी उशीवर पत्रा फिरवायचा. रेघेच्या कडेला उठलेली कोर स्क्रेपरने काढायची, नाहीतर ती शाई धरते आणि चेहरे काळवंडतात.

छापताना पत्रा कोमट हवा, म्हणजे जवसाच्या तेलातली शाई रेघांत उतरते. आधी मऊ फडक्याने, मग खडू लावलेल्या तळव्याने पुसायचं, रेघांच्या आडवं. कागद दमट, पण वर पाणी चकाकता कामा नये. ओला असला तर रेघ फुटते, कोरडा असला तर तुटक येते. पत्र्याच्या कडा कानशीने उतरत्या कर, नाहीतर प्रेसमध्ये कागद आणि त्यावरचं लोकरी ब्लँकेट दोन्ही कापले जातील.

तांबं मऊ, त्यामुळे छापता छापता झिजतं. आधी जातात गालांवरचे बारीक ठिपके. कोट बराच काळ काळेच राहतात. संग्रहालयात प्रत पाहशील तेव्हा कोटांवर भाळू नकोस. गाल कोरे दिसले, की ती उशिराची प्रत समज.

तुझा,
विनय